धर्मांच्या शाळेतील एक मराठी विद्यार्थी

इसवी सन १९०१ च्या सप्टेंबर महिन्यात विठ्ठल रामजी शिंदे नावाचे अठ्ठावीस वर्षांचे एक मराठा पदवीधर मुंबई बंदरातून विलायतेच्या बोटीने निघाले. त्या काळी विलायतेस जाणारा हिंदी तरुण म्हणजे एक तर बॅरिस्टर होऊ पाहणारा, नाही तर सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसणारा, असे लोकांच्या मनात ठसून गेले होते. शिंदे यांपैकी कशासाठीही चालले नव्हते. ते ऑक्सफर्ड येथे धर्म शिकावयास चालले होते. आणि तोही कोणता तरी एक धर्म नव्हे, तर जगातील नाना धर्म, एकाशेजारी एक ठेवून. ज्या देशात बुद्ध आणि महावीर झाले, नानक आणि तुकाराम झाले, त्या देशातील माणसाने धर्म शिकण्यासाठी इंग्रजांच्या दारी जावे, हे विपरीत वाटणे साहजिक आहे. परंतु ते गेले, दोन वर्षे राहिले, परत आले. आणि तेथे घेतलेली विद्या त्यांनी कोठे नेऊन वापरली हे पाहू लागले म्हणजे त्या विपरीतपणाचा अर्थ हळूहळू उलगडू लागतो.

शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. सध्या ते गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात मोडते. बाहेर कानडी आणि घरात मराठी अशा वातावरणात हा मुलगा वाढला. वडील रामजीबाबा वारकरी होते. पंढरीची वारी, भजन, एकादशी यांनी घरातील दिवस भरलेले असत. घरची स्थिती पुढे खालावली. तथापि दारी आलेल्या माणसाची जात आधी विचारावयाची आणि मग त्याला बसावयास सांगावयाचे, हा रिवाज त्या घराला फारसा मानवला नव्हता. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ या आत्मचरित्रात शिंद्यांनी आपल्या आईबापांचे हे ऋण मोकळ्या मनाने मानले आहे. धर्माचा पहिला धडा त्यांना घरीच मिळाला होता. ऑक्सफर्डचा धडा दुसरा.

१८९१ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले. सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून शिक्षण तडीस गेले. कॉलेजात मिल्ल, स्पेन्सर यांचे वाचन झाले आणि त्या काळच्या पुष्कळ बुद्धिमान तरुणांप्रमाणे त्यांचीही जुनी श्रद्धा ढासळली. पुष्कळांचे पुढे असे होई की, श्रद्धा गेली तिच्या जागी नोकरी आली, आणि देव्हारा बायकोकडे सोपवून मनुष्य मोकळा झाला. शिंद्यांना तसे मोकळे होता येईना. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर रामकृष्णपंत भांडारकर यांच्या सहवासाने ते प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले. १८९८ साली ते बी. ए. झाले, वकिलीचा अभ्यास हाती घेतला होता तो अर्ध्यावर सोडला आणि आयुष्य धर्मकार्यास द्यावयाचे ठरविले.

त्यांचा विलायतेचा योग मात्र निराळ्याच बाजूने जुळून आला. १८९५-९६ च्या सुमारास जाबेझ संडरलंड या नावाचे एक युनिटेरियन धर्मोपदेशक हिंदुस्थानात आले होते. ब्राह्मसमाज आणि प्रार्थनासमाज यांच्यातील होतकरू तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी, ही योजना त्यांच्या प्रयत्नातून निघाली. त्या शिष्यवृत्तीसाठी शिंद्यांची निवड झाली. कुटुंब मागे ठेवून, हाती फारसा पैसा नसता, आणि परत आल्यावर ज्या धंद्यात पैसा मिळण्याचा संभव नाही त्याचीच तयारी करण्यासाठी मनुष्य सातासमुद्रापलीकडे जातो, याला काय म्हणावे? व्यवहारी माणसाने याला खूळच म्हटले असते.

आता हे मँचेस्टर कॉलेज म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण या प्रकरणाचे मर्म बरेचसे तेथेच आहे. युनिटेरियन म्हणजे देव एकच मानणारे ख्रिस्ती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीचा सिद्धांत त्यांना मान्य नाही; येशूला ते थोर मानव समजतात. हे मत इंग्लंडात उघडपणे बोलणे १८१३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. ऑक्सफर्ड विद्यापीठात तर १८५४ पर्यंत अशी स्थिती होती की, सरकारी चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही केल्यावाचून विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. आणि धर्मपरीक्षेची उरलीसुरली बंधने जावयास १८७१ साल उजाडले. अर्थात या बहिष्कृत मंडळींनी आपले विद्यालय आपण काढले. १७८६ साली ते मँचेस्टर येथे निघाले, सत्य, स्वातंत्र्य आणि धर्म या तीन गोष्टींना ते वाहिलेले होते. मँचेस्टर, यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, नंतर लंडन असा प्रवास करून ते १८८९ साली ऑक्सफर्डास आले, आणि १८९३ साली त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. ज्या गावाने शंभर वर्षे दार लावून घेतले होते, त्याच गावात या लोकांनी आपले दार उघडे ठेवले. तेथे कोणत्याही पंथाच्या विद्यार्थ्याला सही करावी लागत नसे. म्हणून जमखंडीच्या वारकऱ्याचा मुलगा तेथे हिंदू राहूनच शिकू शकला. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट त्याला कोणी घातली नाही.

या ठिकाणी शिकविणारी माणसेही पाहण्यासारखी होती. मुख्य होते जेम्स ड्रमंड. नव्या कराराचे मोठे अभ्यासक. धर्माचे तत्त्वज्ञान अप्टन शिकवीत. जुन्या कराराचे अध्यापक ॲडिस हे तर स्वतःच एक चालते बोलते धर्मशोधन होते: तरुणपणी ते रोमन कॅथॉलिक झाले, त्या धर्मात धर्मगुरू झाले, पुढे ते सोडून युनिटेरियनांत आले, आणि एवढ्यानेही त्यांचा प्रवास संपला नाही. परंतु शिंद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे गुरू म्हणजे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. हे नाव महाराष्ट्रात आता कोणी घेत नाही, घ्यावयास हवे. हा मनुष्य पाली भाषा जाणणारा. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या जोडीने त्यांनी दीघनिकाय या बौद्ध ग्रंथाचे संपादन केले. त्याचा पहिला खंड १८९० साली निघाला आणि दुसरा १९०३ साली, म्हणजे शिंदे ऑक्सफर्डास असतानाच्या काळात. याच कार्पेंटरांनी १९०० साली बायबलातील पहिल्या सहा पुस्तकांची चिरफाड करणारा ग्रंथ दुसऱ्या एका विद्वानाच्या साह्याने प्रसिद्ध केला. मोशेच्या नावावर चालत आलेली ही पुस्तके एका हातची नाहीत, निरनिराळ्या शतकांतील निरनिराळ्या लेखकांचे थर त्यांत एकावर एक चढले आहेत, हे त्यांत ओळीओळीने दाखविले आहे.

या दोन ग्रंथांकडे एकत्र पाहिले म्हणजे कार्पेंटरांच्या वर्गाची किंमत कळते. त्या वेळी हिंदुस्थानात आपल्या लोकांना परिचित असलेला ख्रिस्ती उपदेशक असा असे की, तो पुराणांतील विसंगती चव्हाट्यावर मांडी आणि स्वतःच्या बायबलास मात्र हात लावू देत नसे. उलट आपल्याकडचे पंडितही तेच करीत, फक्त ग्रंथांची अदलाबदल करून. दुसऱ्याच्या घराची मोजणी करावयाची आणि आपल्या घराची भिंत देवाने बांधली असे सांगावयाचे, ही तुलना नव्हे. हा वाद झाला. मँचेस्टर कॉलेजात ख्रिस्ती अध्यापक आधी आपल्याच भिंतीला दोरी लावीत. मग बुद्धाकडे वळताना ते त्याच दोरीने आणि त्याच आदराने वळत. परधर्माविषयी आदर बाळगण्यास सांगणारे पुष्कळ असतात. स्वधर्माची परीक्षा परक्या विद्यार्थ्यासमोर करून दाखविणारे विरळा.

ऑक्सफर्डातच दुसऱ्या एका मोठ्या उद्योगाचे काम चालू होते, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. मॅक्समुल्लर यांनी पूर्वेकडील पवित्र ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची माला १८७९ पासून काढावयास सुरुवात केली होती. ती पुढे पन्नास खंडांची झाली. उपनिषदे, धम्मपद, कुराण, पारशांचा अवेस्ता, जैनांची सूत्रे, चीनमधील कन्फ्यूशियस आणि ताओ यांचे ग्रंथ, असा हा प्रचंड भांडार. त्यांतील आठवा खंड, म्हणजे भगवद्गीतेचे भाषांतर, मुंबईच्या काशिनाथ त्रिंबक तेलंगांनी केलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. परंतु या पन्नास खंडांत बायबल मात्र नाही. मॅक्समुल्लरांना ते हवे होते. पण आपला ग्रंथ इतरांच्या रांगेत बसविण्यास धर्मनिष्ठ इंग्रज तयार होईनात. शिंदे पोहोचण्यापूर्वी वर्षभर आधी, १९०० च्या ऑक्टोबरात, मॅक्समुल्लर निवर्तले. मालेत राहून गेलेली ती रिकामी जागा मँचेस्टर कॉलेजाच्या वर्गात भरून निघत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

असे शिक्षण मिळाल्यावर मनुष्याचे दोन प्रकारे होऊ शकते. एक तर त्याला एखादा धर्म इतरांहून इतका सरस वाटतो की तो आपले घर सोडून त्या घरी राहावयास जातो. नाही तर सर्वच धर्म त्याला थोडेथोडे बरे वाटू लागतात, आणि तो टपालाची तिकिटे जमविणाऱ्या मुलाप्रमाणे धर्म जमवीत बसतो. पहिला प्रकार महाराष्ट्रात शिंद्यांच्या आगेमागे घडून गेला होता, आणि तो नागपूरच्या वाचकांना तर जवळचाच आहे. नारायण वामन टिळक हे कवी १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत बसले असता त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेच थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या निर्णयाची झळ घराला कशी लागली, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त लिहून ठेवले आहे, ते वाचल्यावाचून धर्मांतर या शब्दाचा अर्थ कोशात पाहून कळणार नाही.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्याचे मन इतके वेधले गेले की, १८९९ च्या अखेरीस तो घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असे करीत तो १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचला आणि पाली शिकला. शिंदे ज्या वर्षी कार्पेंटरांच्या वर्गात दीघनिकायाची ओळख करून घेत होते, त्याच वर्षी कोसंबी कोलंबोच्या विहारात तीच विद्या मूळ भाषेत गिरवीत होते. एकाजवळ शिष्यवृत्ती होती, दुसऱ्याने काशीत अन्नछत्रातील अन्नावर दिवस काढले होते. पुढे सयाजीराव महाराजांनी कोसंबींनाही दरमहा पन्नास रुपये देऊन आधार दिला, हा या गोष्टीतला सुखाचा भाग. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामास उपोषण करीत कोसंबींनी देह ठेवला.

फार पूर्वी जोतीराव फुल्यांनी एका घराची कल्पना केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात असे घर आहे की, ज्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सर्वजण प्रेमाने नांदत आहेत. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेस मुंबई प्रार्थनासमाजाचे नगरकर गेले होते. म्हणजे महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. असो.

शिंद्यांचे मात्र वरीलपैकी काहीच झाले नाही. त्यांनी घर बदलले नाही आणि धर्मांचा संग्रहही केला नाही. याचे कारण असे दिसते की, वर्गाबाहेरही त्यांचे डोळे उघडे होते. शिंदे इंग्लंडात होते ती वर्षे लंडनच्या दारिद्र्याच्या मोजदादीची होती. चार्लस बूथ यांनी लंडनच्या गरीब वस्त्यांची पाहणी करून ग्रंथावर ग्रंथ काढले. त्यांची शेवटची मोठी माला, धर्मसंस्थांच्या प्रभावाविषयीची, १९०२-०३ मध्ये निघाली. तीत असे आढळून आले की, लंडनचा कष्टकरी वर्ग बहुतेक चर्चमध्ये जातच नाही. ज्या राष्ट्राचे धर्मोपदेशक हिंदुस्थानातील खेड्यापाड्यांत फिरत होते, त्या राष्ट्राच्या राजधानीतील मजूर देवळाची पायरी चढत नव्हता. युनिटेरियनांनी अशा वस्त्यांत शाळा, वाचनालये, मातांच्या सभा असे उपक्रम पुष्कळ वर्षांपासून चालविले होते. उपदेश मागून, आधी ओळख, हे त्यांचे धोरण. शिंद्यांनी गलिच्छ वस्त्यांतील हे काम जाणूनबुजून पाहिले. इंग्लंडातील आपले अनुभव ते ‘सुबोधपत्रिके’कडे लिहून पाठवीत आणि रोजनिशीही ठेवीत.

१९०३ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत हिंदुस्थानातील उदार धर्मावर शिंद्यांनी निबंध वाचला. हा त्यांच्या विद्यार्थिदशेचा शेवट. ऑक्टोबरात ते मायदेशी परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले.

येथे खरी परीक्षा सुरू झाली. मुंबईचा प्रार्थनासमाज ही १८६७ साली स्थापन झालेली संस्था. तिच्यात माणसे चांगली, विद्वान, सच्छील. रविवारी उपासना होई, प्रवचन होई, आणि जातिभेद वाईट आहे याविषयी सर्वांचे एकमत असे. शिंद्यांनी टपालाने धर्मविषयक पुस्तिका पाठविण्याचे मिशन काढले, तरुणांचा ब्राह्मसंघ काढला, उदार धर्माचे वर्ग चालविले, देशभर प्रवास केला. त्यांच्या प्रवासात ज्या वस्तीत देवाचे नाव घेतले जात होते पण देवाच्या दारात पाऊल ठेवण्याची बंदी होती, ती वस्ती गावोगाव दिसू लागली. १९०५ साली अहमदनगरजवळ भिंगार येथे तेथील महार मंडळींनी रात्री सभा भरवून त्यांना नेले. आपल्या मुलांची शाळा ते लोक आपल्याच हिमतीवर चालवीत होते. ऑक्सफर्डात आर्य, सेमिटिक, मंगोल असे धर्मांचे वर्ग पाडून अभ्यास होई. भिंगारच्या त्या सभेत वर्गवारी सोपी होती: ज्यांना दार उघडे आहे ते, आणि ज्यांना बंद आहे ते.

शिंद्यांच्या धर्मजिज्ञासेला येथे जे वळण लागले, त्याचे नीट आकलन व्हावे. धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथावरून करावी, असे ऑक्सफर्डने शिकविले होते. त्याच्या संतांवरून करावी, असे जमखंडीने शिकविले होते. दोन्ही परीक्षा खऱ्या आहेत, पण दोन्हींत धर्म आपल्या उत्तम पोशाखात पुढे येतो. शिंदे धर्माला मागच्या दाराने पाहू लागले. तुमचा देव कसा आहे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. पण तुमच्या देवळाच्या अंगणाबाहेर कोण उभे आहे, हा प्रश्न त्याच्या आधी आणून ठेवला. तौलनिक धर्मशास्त्रात ही भर मोठी आहे. एखाद्या विद्यापीठाने ती प्रबंधात मागितली नव्हती, म्हणून तिचा गाजावाजा झाला नाही.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईस परळ भागात ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ स्थापन झाली. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष आणि शिंदे चिटणीस. दामोदरदास सुखडवाला यांनी पहिली एक हजार रुपयांची देणगी दिली. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली, दवाखाना निघाला, भजनसमाज निघाला. शिंद्यांची बहीण जनाक्का घरदार सोडून याच कामास लागली. पुण्यातील नाना पेठेत पुढे अहल्याश्रम उभा राहिला. लंडनच्या वस्तीत पाहिलेले धोरण, आधी ओळख आणि उपदेश मागून, येथे मराठीत उतरले होते.

त्याची किंमतही द्यावी लागली. प्रार्थनासमाजातील मतभेद वाढत गेले आणि १९१० साली शिंद्यांनी तेथील प्रचारकाची जागा सोडली. सुशिक्षित उदारमतवाद्यांची एक खोड अशी असते की, तत्त्वाला त्यांची ना नसते. तत्त्वाची चपला-जोड्यांसह दिवाणखान्यात बैठक भरली म्हणजे मात्र ते अस्वस्थ होतात. बरे, ज्यांच्यासाठी हे सर्व केले त्यांच्याकडून तरी निर्भेळ मान्यता मिळाली का? तीही नाही. १९२० साली, मे महिन्याच्या शेवटी, येथे नागपुरातच शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गांची अखिल भारतीय परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशा आशयाची सूचना मंडळीच्या वतीने पुढे आली होती. तिच्यावर भीमराव आंबेडकर या एकोणतीस वर्षांच्या पदवीधराने सडेतोड टीका केली, आणि परिषदेने मंडळीविरुद्ध ठराव केला. आमच्या वतीने दुसऱ्याने दार ठोठावू नये, ते आम्हीच ठोठावू, हा त्या टीकेचा आशय होता. आणि तो न्याय्य होता. शिंद्यांना दुःख झाले असेल; परंतु १९२३ साली त्यांनी मंडळीचा कारभार अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपवून अंग काढून घेतले, ही गोष्ट त्या टीकेला दिलेल्या कोणत्याही उत्तरापेक्षा मोठी आहे. आपण उभारलेली संस्था हयातीत सोडून देणारे गृहस्थ आपल्याकडे किती निघतील?

विद्यार्थीपण मात्र सुटले नव्हते. १९२७ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, शिंदे ब्रह्मदेशात गेले. बौद्ध धर्माविषयी त्यांना ऑक्सफर्डपासून प्रेम होते. जन्मावरून उच्चनीच न मानणारा धर्म ज्या देशात शेकडो वर्षे नांदतो आहे तेथे तरी मागच्या दारी कोणी नसेल, अशी आशा बाळगून दुसरा कोणी गेला असता तर सोन्याचे पॅगोडे पाहून, चार फोटो घेऊन परत आला असता. शिंद्यांनी तेथेही तोच प्रश्न विचारला. आणि उत्तर सापडले. पॅगोड्यांच्या सेवेसाठी पूर्वीच्या राजांनी दान देऊन टाकलेल्या, पुष्कळदा लढाईत पकडून आणलेल्या, लोकांचे वंशज तेथे पिढ्यान्‌पिढ्या देवाचे दास म्हणून ओळखले जात. त्यांच्याशी इतर ब्रह्मी लोक सोयरीक करीत नसत. प्रेतांची व्यवस्था लावणारे लोकही असेच वेगळे राहत, आणि त्यांच्या नावात आपल्याकडचा ‘चांडाळ’ हा शब्दच थोड्या बदललेल्या उच्चाराने दडलेला होता.

ही माहिती शिंद्यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथात घातली. बुद्धाविषयीचा त्यांचा आदर त्यामुळे तिळभर कमी झाला नाही. ग्रंथात जे आहे ते वस्तीत नाही, एवढेच त्यांनी नोंदविले. कार्पेंटरांनी बायबलाच्या बाबतीत जो प्रामाणिकपणा दाखविला, तोच शिष्याने आपल्या आवडत्या धर्माच्या बाबतीत दाखविला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यास शिंद्यांचे निधन झाले.

बारा वर्षांनी हाच प्रश्न नागपुरात पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी तो विचारणारे अंगणाबाहेर उभे असलेलेच होते. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. तेव्हापासून आंबेडकरांचे हे वाचन चालू होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला. त्यानंतरची एकवीस वर्षे म्हणजे एका फार मोठ्या विद्यार्थ्याचा धर्मशोधच होता. शीख धर्म, इस्लाम, ख्रिस्ती धर्म, सर्वांचा विचार त्यांनी केला, आणि प्रत्येकाला त्यांनी ग्रंथाबरोबरच वस्तीही विचारली. शिंदे आपले घर न सोडता दार उघडावयास झटले. आंबेडकरांनी घरच सोडले. या दोहोंत अधिक बरोबर कोण, हा वाद सुशिक्षितांच्या बैठकींत अजून रंगतो. पण बहिष्कृत वर्गाच्या माणसाने दुसऱ्याचे दार उघडेपर्यंत किती पिढ्या थांबावे, याचे उत्तर बैठकीत बसलेल्यांनी द्यावयाचे नसते.

प्रतापनगरातून थोड्याच अंतरावर असलेल्या त्या मैदानावर, ज्याला आता दीक्षाभूमी म्हणतात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आंबेडकरांनी आणि लाखो अनुयायांनी बौद्ध धर्म स्वीकारला. जुनी त्रिशरणे आणि पंचशीले घेऊनच ते थांबले नाहीत. आपल्या लोकांसाठी स्वतः रचलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी जोडल्या, आणि सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा त्यांत स्पष्ट शब्दांत घातली. आंबेडकरांना दीक्षा देणारे वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणी कुशीनगराहून आले होते. त्यांचा जन्म मात्र शिंदे एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या देशात प्रश्न घेऊन गेले होते त्याच ब्रह्मदेशात, आराकान प्रांतात, झालेला होता.